टर्बो कोणता, साधा कोणता

बाबांच्या इंजिन-बोअरिंगच्या दुकानात मी काही हौसेनं गेले नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी नापास झाले, दादा नोकरीसाठी भिलाईला निघून गेला, आणि दिवसभर घरात बसून मी मायच्या तावडीत सापडले. भाकरी फाटली की बोलणं, पीठ सांडलं की बोलणं. एका सकाळी बाबाच म्हणाले, "चाल वं शालू, ब्लॉक धुवाले तरी येशील." दुकान घराला लागूनच होतं. आम्ही कोष्टी. आजोबांचा माग ज्या खोलीत होता तिचीच एक भिंत पाडून बाबांनी पुढं टिनाचं शेड काढलं होतं. मागाचा खड्डा फळ्या टाकून झाकला होता आणि त्या फळ्यांवर इंजिनाची हेडं, म्हणजे वरची झाकणं, ओळीनं मांडलेली असायची. शेजारच्या दोन घरांत माग अजून चालू होते. तिकडून खटक-खटक आणि इकडून बोअरिंग मशीनची घरघर, अशा दोन आवाजांत आमचा दिवस जायचा. मशीन बंद पडलं की कान बधिर झाल्यासारखे वाटायचे, आणि मग हळूहळू माग ऐकू यायला लागायचा.

माझं काम धुण्याचं. गाड्यांचे मिस्त्री इंजिन खोलून नुसता ब्लॉक आमच्याकडे आणायचे. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड, बिडाचं, चार मोठी नळकांडी असलेलं. आत पिस्टन वरखाली घासून घासून नळकांडी झिजतात, ती बाबा मशीनवर कोरून पुन्हा गोल करायचे. कोरून झालं की साबणाच्या कढत पाण्यानं, ब्रश घालून, बिडाचा बारीक चुरा काढायचा. तो राहिला तर इंजिन खातो. हात महिनाभरात असे झाले की माय ते बघून तोंड फिरवायची. "कोण करन लग्न असे हात पाहून?" म्हणायची, आणि लगेच वाटीत तेल आणून द्यायची.

त्या वर्षी आमच्याकडे टर्बोचे ब्लॉक यायला लागले होते. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा. तो आत जास्तीची हवा कोंबतो, तितक्याच इंजिनातून जास्त ताकद निघते आणि आगही जास्त पेटते. पण हा पंखा बाहेर लागतो. आमच्याकडे यायचं ते उघडं धड. साध्या जीपचा ब्लॉक आणि टर्बोच्या जीपचा ब्लॉक शेजारी ठेवले की एका साच्यातून काढलेले वाटायचे, आणि पुढं कळलं की ते बहुतेक वेळा एका साच्यातूनच काढलेले असतात. मी बाबांना विचारायची, हा टर्बोचा हे तुम्हाला कशावरून समजलं? बाबा ब्लॉकवरून हात फिरवत म्हणायचे, "हात लावला का समजते." मी हात लावायची. मला थंड बीड लागायचं, दुसरं काही नाही. मी पुन्हा विचारायची. "समजन, समजन," म्हणून ते मशीन सुरू करायचे. आमच्या ओळीतल्या सगळ्या दुकानांत दामूभाऊंचा, म्हणजे बाबांचा, शब्द शेवटचा समजला जायचा. दोष माझ्या हातांतच असणार, असं मी धरून चालले होते.

एका आठवड्यात दोन ब्लॉक आले, एकाच कंपनीच्या एकाच जातीच्या जीपचे. एक खापरखेड्याच्या ठेकेदाराचा, साधा; त्याच्या जीपमधून वीजकेंद्रातले कामगार शिफ्टला ये-जा करायचे. दुसरा कुहीच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या रुग्णवाहिकेचा, टर्बोचा. बाबांनी दोन्ही एकाच मापाला कोरले, प्रत्येकाला तारेनं मालकाचं नाव घातलेली एकेक पत्र्याची पट्टी बांधली, आणि उमरेडला निघाले. आत्याचे सासरे गेले होते. जाताना म्हणाले, "दोन्ही धुवून ठेव. उद्या नाही तर परवा येतो." मी धुवायला बसले. पट्टीची तार ब्रशमध्ये अडकून राहायची, म्हणून मी दोन्ही पट्ट्या सोडल्या आणि कुर्त्याच्या खिशात टाकल्या. बाजूची बुचंही काढली, आत नीट पाणी जावं म्हणून. दोन्ही ब्लॉक चकचकीत धुतले, हवा मारली, तेल लावलं, आणि मग खिशात हात घातला.

दोन पट्ट्या माझ्या तळहातावर होत्या. समोर दोन ब्लॉक होते. कोणती कोणाची?

आधी मला हसू आलं. आठवेलच, असं वाटलं. मी पाणी कुठून सुरू केलं होतं, कोणता आधी धुतला, हे सगळं आठवलं, पण आधी धुतला तो कोणता होता ते आठवेना. टर्बोच्या ब्लॉकला बाजूला एक भोक असतं, पंख्यातलं तेल परत यायला, एवढं मला ठाऊक होतं. बघितलं तर भोक दोघांनाही होतं. साध्याला तिथं बूच असतं, आणि बुचं तर मीच काढून एका डब्यात टाकली होती. ठोकलेले आकडे पाहिले. एकाचे गंजून सपाट झालेले, दुसऱ्याचे वाचता आले, पण त्यांचा अर्थ मला कुठं माहीत? उमरेडच्या घरी फोन नव्हता.

सकाळी साडेनऊलाच खापरखेड्याचा लल्लन मिस्त्री गाडी घेऊन दारात. "बिटिया, बिलाक दे दो, ठेकेदार सर पे बैठा है." मी म्हटलं, थांबा जरा, आणि पलीकडच्या वेल्डिंगवाल्या युसूफचाचांकडे धावले. चाचा म्हणाले, "अरे, टर्बो वाला भारी रहता. मोटा माल डालते उसमें." त्यांच्याकडे बसलेला एक ड्रायव्हर म्हणाला, "नाही गा, टर्बोले बाहेरून जास्त रेघा रायतात." दुसरा म्हणाला, रंगावरून ओळखायचं. रंग तर मी धुवून टाकला होता. मी परत आले, साखळी लावून एक ब्लॉक उचलला, मग दुसरा उचलला. पहिल्या वेळी डावा जड वाटला. पुन्हा उचलला तर उजवा. लल्लन मिस्त्री घड्याळ बघत होता. मी थांबा म्हणायला हवं होतं. बाबा आल्यावर या, एवढे तीन शब्द. पण दामूभाऊंच्या पोरीला समजत नाही हे त्याच्यासमोर कबूल करायचं माझ्या जिभेवर येईना. मी उजवीकडचा दिला.

आज माझी पन्नाशी उलटून गेली, दुकान मीच चालवते, आणि आता तर एवढ्याशा पेट्रोल गाडीलाही टर्बो असतो, ब्लॉकही ॲल्युमिनियमचे. महिन्यातून एखादा तरी ब्लॉक असा येतो की मी समोर स्टूल घेऊन बसते आणि मला काही कळत नाही. आता मी लोकांना तसं सांगते. सांगितलं की ते चहा मागवतात आणि वाट बघतात. कोणी उठून जात नाही. हे वीस वर्षांच्या मुलीला कोणी सांगायला हवं होतं.

त्या दिवशी दुपारी मायनं गोळाभात केला होता. वर हिंगाची फोडणी ओतली, आणि मी नुसती बोटं फिरवत बसले. "जेव नं वं, काहून उकरून राहिली?" माय म्हणाली. मी सांगून टाकलं. इंजिनातलं तिला काही कळत नव्हतं, पण लग्न होऊन आल्यापासून पंधरा वर्षं ती मागावर बसली होती. ती म्हणाली, "दोन लुगडी सारखी दिसली का मी वरून पाहतच नव्हती. वरून सगळेच चांगलं विणतात. उलटं करून पाहा लागते." ती ताक आणायला उठली आणि मी ताटावरून उठले.

पहार लावून मी उरलेला ब्लॉक उलटा केला. खालच्या अंगाला, जिथं क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, बसतो, तिथं आत मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. बॅटरीच्या उजेडात दिसलं: प्रत्येक नळकांड्याच्या तळाशी बिडाचा एक उंचवटा होता, बोराएवढा. भोक पाडण्यासाठी जागा सोडावी आणि मग पाडू नये, तसा. चार नळकांडी, चार कोरे उंचवटे. मी बघत बसले. मग मला कपाटावरची पुडी आठवली. बाबांनी त्या आठवड्यात वर्तमानपत्राच्या कागदात बांधून काहीतरी ठेवलं होतं. उघडली तर चार नळ्या, करंगळीएवढ्या, शेंडा वाकवलेल्या, बुडाशी एकेक बोल्टचं कडं. मी एक घेऊन त्या उंचवट्यावर धरली. कडं बरोबर बसलं, पण नळीला आत जायला वाट नव्हती. म्हणजे ती वाट ज्या ब्लॉकला होती तो खापरखेड्याला गेला होता.

नळ्यांचं काम तेव्हा अर्धवटच समजलं, पण तेवढं पुरेसं होतं. टर्बोत आग जास्त, म्हणून खालून पिस्टनवर तेलाच्या पिचकाऱ्या मारायच्या. या कोऱ्या ब्लॉकवर रुग्णवाहिका बांधली, तर पिस्टन तापून कधीतरी रस्त्यातच धरतील, म्हणजे नळकांड्यात अडकून बसतील. आणि तिकडं तर चार भोकं उघडी होती. त्यांतून तेल नुसतं वाहून जाणार, वर दाब चढणार नाही, आणि इंजिन पहिल्याच फेरीत कोरडं फिरणार, शिफ्टची माणसं बसलेली असताना. हे सगळं मला सुचत होतं, आणि त्याच वेळी वाटत होतं, मला काय कळतं? कदाचित उलटं असेल. कदाचित नळ्या तिसऱ्याच गाडीच्या असतील.

एवढ्यात कुहीचे खोब्रागडे काका टेम्पो घेऊन आले. ते रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर. पांढरा इस्तरीचा शर्ट, बोलणं कमी. "झाला का बेटा आपला ब्लॉक?" मला वाटलं, हाच देऊन टाकावा, दुसरा तर गेलाच. खरंच वाटलं, लपवत नाही. पण ते दारात चपला काढून आत आले, कारण मी नुकतंच शेड धुतलं होतं, आणि त्या चपलांकडे बघून मला खोटं बोलवेना.

"काका, ब्लॉक बदलला गेला. चूक माही हाये."

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुले पक्कं माहीत हाये का?"

"नाही."

ते उलट्या ब्लॉकपाशी वाकले. "मले इंजनातलं समजत नाही," ते म्हणाले. "पण गाडीत बाळंतीण असते, तिची माय असते. गाडी बंद पडली का त्या मले विचारतात, काय झालं भाऊ. काय सांगू मी त्यायले? चाल, जाऊन पाहू."

आम्ही दोघांनी ब्लॉक टेम्पोत चढवला. चार नळ्या मी मुठीत धरल्या त्या खापरखेडा येईपर्यंत सोडल्या नाहीत. कोराडीच्या पुढं राखेचे ट्रक लागले, काका शांतपणे त्यांच्या मागे गाडी चालवत राहिले, आणि माझ्या मनात दर मैलाला उत्तर बदलत राहिलं. बरोबर. चूक. बरोबर. मी धुताना एका ब्लॉकच्या तळाशी बारीक भोकांत तार घालून साफ केल्याचं मला आठवत होतं, पण तो याच आठवड्यातला ब्लॉक की मागच्या, ते ठरेना.

गॅरेजमध्ये लल्लन मिस्त्रीनं कमाल केली होती. पिस्टन बसवून, खाली तेलाचं चेंबर कसून, तो वर हेडचे बोल्ट आवळत होता. ठेकेदार खुर्ची टाकून बसला होता. ब्लॉक बदलला गेला, चूक माझी आहे, हे सगळ्यांसमोर मी सांगितलं. लल्लन हसला. "बिटिया, बाईस साल हो गए इंजन बाँधते." ठेकेदार म्हणाला, "पोरी, संध्याकाळच्या शिफ्टची माणसं उभी राहतीन. तुह्या बापाले पाठव, तो म्हणन तर खोलू."

"बाबा उमरेडले हायेत. तवर तुम्ही गाडी चालू कराल."

"मग?"

"चेंबर खोला. खाली चार भोकं नसली तर मी इथंच बसून पुन्हा कसून देईन, आणि दुकानात येऊन बाबांले सांगा, तुमच्या पोरीनं येऊन तमाशा केला."

खोब्रागडे काकांनी एक रिकामा डबा पालथा घातला आणि त्यावर बसले. "खोला गा," ते ठेकेदाराला म्हणाले, "मी बी थांबतो. माही गाडी तर दहा दिवसांपासून उभी हाये." त्यांच्या बसण्यात असं काही होतं की ठेकेदारानं लल्लनला मानेनं खूण केली.

बोल्ट निघायला पंधरा मिनिटं लागली असतील. चेंबर खाली आलं. मी आडवी होऊन आत हात घातला. क्रँकच्या बाजूनं बोट वर नेलं, ओशट बिडावर चाचपलं, आणि बोटाचं टोक एका भोकात गेलं. मग दुसऱ्या. तिसऱ्या. चौथं सापडेना, आणि तेवढ्या क्षणात मी सगळं हरले असं वाटलं. मग तेही सापडलं. मी बाहेर येऊन नळ्या लल्लनच्या हातावर ठेवल्या. त्यानं बॅटरी घेतली, स्वतः पाहिलं, एक नळी लावून पाहिली. मग खालून बाहेर आला. "छेद तो मैंने देखा था," शेवटी तो म्हणाला, "सोचा, कंपनी ने दिया होगा."

ठेकेदार मला बोलला नाही. ब्लॉक बदलून घेतला, शिफ्टसाठी दुसरी जीप मागवली, आणि आम्ही निघताना एवढंच म्हणाला, "दामूभाऊले सांगा, पट्टी नीट बांधत जा म्हणा." ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं, कारण बाबांनी पट्टी नीटच बांधली होती.

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. मी पट्ट्या, बुचं, नळ्या, खापरखेडा, सगळं एका दमात सांगितलं आणि थोबाडीत खायला उभी राहिले. बाबांनी हात धुतले. पुसले. मग फळ्यांवर बसले आणि म्हणाले, "ठेकेदारासमोर म्हणली तू, चूक माही हाये म्हणून?"

"हो."

"सगळ्यासमोर?"

"हो."

मग जमिनीकडे बघत त्यांनी जे सांगितलं ते समजायला मला वेळ लागला. वर्षभरापूर्वी असाच एक टर्बोचा ब्लॉक त्यांच्याकडे आला होता, पहिलाच. त्यांनी तळाच्या नळ्या काढल्या, कशाच्या आहेत ते कळलं नाही, भंगारात गेल्या. गांधीबागेतल्या एका कापडव्यापाऱ्याची गाडी होती. गजानन नावाच्या मिस्त्रीनं ती बांधली, आणि दुसऱ्याच दिवशी इंजिन धरलं. व्यापारी गजाननला घेऊन आमच्या दुकानात उभा राहिला. बाबा म्हणाले, माझं बोअर बरोबर आहे, बांधणाऱ्याची चूक. दामूभाऊ म्हणाले म्हणजे झालं. नळ्यांचं त्यांना नंतर समजलं, दुसरा ब्लॉक आल्यावर. "मलेच समजत नव्हतं वं," बाबा म्हणाले. "हात लावून काय समजते? काहीच नाही समजत. मी अंदाजच घेत होतो."

मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. राग आला. बापाची दया आली. इतके दिवस दोष माझ्या हातांत नव्हता याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. टेम्पोतून परत आणलेल्या रुग्णवाहिकेच्या ब्लॉकमध्ये बाबांनी चारी नळ्या माझ्याकडून बसवून घेतल्या. ती गाडी पुढं कैक वर्षं कुहीच्या रस्त्यांवर धावली. खोब्रागडे काका निवृत्त झाले तरी ती धावत होती. पण त्या दुपारी आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता काम करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "चाल, येतो जाऊन." कुठं ते सांगितलं नाही. स्कूटर एका चौकात थांबली, तर्री-पोह्याच्या गाड्यापाशी. चाळिशीचा एक माणूस पोहे परतत होता, त्याची बायको कांदा चिरत होती. त्यानं बाबांना पाहिलं आणि झारा तसाच धरून उभा राहिला. मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

"गजानन," बाबा म्हणाले, आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "गजानन, त्या गाडीची चूक माही होती गा. नळ्या मी फेकल्या. मले मागाहून समजलं, तरी मी आलो नाही."

गजाननला काही उमजलं नाही. "कोणत्या नळ्या?" त्यानं विचारलं. बाबांना पुढं बोलवेना, म्हणून मी सांगितलं. गाड्याच्या पत्र्यावर बोटानं चार गोल काढले, तळाशी भोकं कुठं असतात ते दाखवलं, नळी नसली की तेल कसं निघून जातं ते सांगितलं. त्यानं झारा खाली ठेवला. "पुन्हा सांग," म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. तर्री उकळून कडेला येत होती, ती कोणी पाहिली नाही.

"मी बेअरिंग तीनदा मोजल्या होत्या," तो हळू म्हणाला. "वर्षभर रोज विचार करून राहिलो, कुठं चुकलो. म्हणलं, आपला हातच गेला. म्हणून पाने विकून टाकले." त्यानं बाबांकडे पाहिलं, पण रागानं नाही, बाबा तिथं आहेत हेच त्याच्या ध्यानात नसावं. मग तो मागे वळला आणि बायकोला म्हणाला, "अवं, आयकलं का? मी बरोबर बांधलं होतं."

तिनं चिरायचं थांबवलं.

"मी बरोबर बांधलं होतं वं," तो पुन्हा म्हणाला, आणि पदरानं तिनं आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे.